पुढच्या घड्याळजीसाठी

आई घरातून गेली तो गुरुवार होता. घटस्थापनेला चार दिवस राहिले होते. दुपारी तीनच्या सुमारास चाळीतल्या वत्सामावशीने तिला नळावर पाहिलं होतं. साडेपाचला मी शाळेतून आले तेव्हा दाराला बाहेरून कडी होती, कुलूप नव्हतं. ओट्यावर ताटात निवडलेले तांदूळ होते आणि त्यांवर दुसरं ताट उपडं घातलेलं होतं. खुंटीवरची कापडी पिशवी आणि दोरीवरच्या दोन साड्या नव्हत्या. चिठ्ठी नव्हती. मी तेरा वर्षांची होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मला घेऊन चौकीत गेले. हवालदाराने वर्णन विचारलं. नाव कुमुद, वय, उंची, वर्ण एवढं बाबांनी सांगितलं. "अंगावर साडी कुठली होती?" "नेहमीची," ते म्हणाले. "नेहमीची म्हणजे काय रंग?" बाबांना सांगता येईना. "बरं, दागिने?" "मंगळसूत्र. आणि हातात घड्याळ. लेडीज, चौकोनी, अठरा कॅरेटची केस, पंधरा ज्वेलचं मशीन," असं म्हणून त्यांनी मशीनचा सहा आकडी नंबर न अडखळता सांगितला. हवालदाराने मान वर केली. "अहो, बाई हरवलीय की घड्याळ?" त्याने विचारलं. त्याने वहीत लिहिलं : एक सोन्याचे घड्याळ. साडी अंजिरी होती, तिला बारीक हिरवा काठ होता. मला ते ठाऊक होतं. मला कोणी विचारलं नाही, आणि मी आपणहून बोलले नाही.

बाबा घड्याळजी होते. हिंदमात्याला साड्यांच्या दुकानांच्या रांगेत एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांची जागा होती. एक स्टूल, एक टेबल, टेबलावर तीन बाजूंनी काच. जिना वर चढत गेल्यामुळे त्या जागेत सरळ उभं फक्त एकाच कोपऱ्यात राहता येई, आणि बाबा आयुष्यभर उठताना आधी मान डावीकडे वाकवून मग उठत. घरी जेवणाच्या पाटावरूनही ते तसेच उठत. त्यांच्या हातांना पेट्रोलचा वास असे, कारण घड्याळाचे भाग तेव्हा पेट्रोलमध्ये धूत. दुरुस्त केलेलं घड्याळ तीन दिवस चालवून पाहिल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला देत नसत. मोठी घड्याळं, गजराची, टोले देणारी, ती तीन दिवस आमच्या खोलीत येत. लालबागची ती खोली दहा बाय बाराची, तिच्यात कधी सहा तर कधी नऊ घड्याळं चालू असत, सगळी दुसऱ्यांची. आई त्यांना पाहुणे म्हणायची. "आज किती पाहुणे?" असं बाबा आले की विचारायची. टोले एकाच वेळी कधी पडत नसत. एकाचे संपले की दुसऱ्याचे सुरू, त्यामुळे आमच्याकडे बारा वाजायला चार-पाच मिनिटं लागत. शेजारचे तक्रार करत. मला त्याशिवाय झोप येत नसे. आता मी राहते त्या घरात एकच घड्याळ आहे, तेही सेलवरचं, काटे आवाज न करता फिरणारं.

आईचं घड्याळ बाबांनी तिला मी पहिलीत गेले त्या वर्षी दिलं. एका गिऱ्हाइकाच्या घरात सोन्याची केस वितळवायला निघाली होती. त्या काळी पुष्कळ घरांत हे होई. आजीचं घड्याळ बंद पडलं की मशीन फेकायचं, केस सोनाराकडे द्यायची, नातीच्या कानात डूल. बाबांनी सोन्याचा जो भाव होता तो देऊन ती केस घेतली आणि महिनाभर शोधून तिच्यात नेमकं बसणारं मशीन बसवलं. क्रीम रंगाची डायल, बारीक आकडे. आई ते मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायची, त्यामुळे वेळ पाहताना ती हात उलटा करायची, कुणाला काही देत असल्यासारखा. कणीक मळताना ते काढून ती चहापत्तीच्या डब्याच्या झाकणावर ठेवायची. ते तिने दुसरीकडे कुठे ठेवलेलं मला आठवत नाही.

दर वर्षी दिवाळीच्या आधी बाबा ते साफ करायला न्यायचे. त्या तीन-चार दिवसांत आई सगळ्यांना सांगायची, माझं घड्याळ माहेरी गेलंय. साफ करून झालं की बाबा झाकणाच्या आतल्या बाजूला सुईच्या टोकाने एक खूण करत : द हे अक्षर, कारण त्यांचं नाव दत्ताराम, त्याखाली आडवी रेघ आणि पुढे कितव्यांदा साफ केलं तो आकडा, महिना आणि साल. सगळेच घड्याळजी अशी खूण करतात. ती उघड्या डोळ्यांना ओरखड्यासारखी दिसते, भिंग लावलं की वाचता येते. एका वर्षी, बहुधा चौथ्या, बाबांनी घड्याळ घरी आणून खूण घरातच केली. आई वाकून पाहत होती.

"काय लिहिता हो एवढं आत?"

"खूण."

"मला तर दिसतही नाही. कोणाला दाखवायला?"

"तुला नाही. पुढच्या घड्याळजीला. त्याला कळावं, आधी कोणी उघडलं होतं, केव्हा उघडलं होतं."

"पुढचा कशाला हवाय? तुम्ही आहात ना."

बाबा हसले. त्यांनी झाकण बंद केलं, आणि त्यांच्या सवयीप्रमाणे बंद करण्याआधी आतून अंगठा फिरवला. सोन्याची भुकटी राहिली तर ती मशीनमध्ये जाते. आई गेली तेव्हा त्या झाकणात सात खुणा होत्या.

ती का गेली हे मला ठाऊक नाही. मी पुढे तीस वर्षांहून अधिक काळ वृत्तपत्राच्या डेस्कवर काढला. तिथे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट अशी की ज्याची खातरजमा झालेली नाही ते 'समजते' असं म्हणूनही छापायचं नाही. चाळीत तेव्हा पुष्कळ काही समजत होतं. त्यातलं मी इथे काही लिहीत नाही. भांडण मी ऐकलेलं नव्हतं. आई कमी बोलू लागली होती, पण बाबा मुळातच कमी बोलत, त्यामुळे कोण कोणामुळे कमी बोलत होतं हे सांगता येणार नाही.

त्यानंतर स्वयंपाक बाबा करू लागले. त्यांना दोनच गोष्टी येत, भात आणि कुळथाची पिठी. ते पिठी ढवळायचे तेही कामासारखं, पातेल्यात तोंड घालून, एकेक गुठळी शोधत. वत्सामावशी शेजारच्या खोलीतून सुकटीची चटणी, कधी तिसऱ्यांचं कालवण वाटीतून आणून द्यायची आणि उंबऱ्यातच उभी राहायची. ती देवगडकडची, नवरा गिरणीत. "चेडवाक वायच खोबरेल लाव केसांक, दत्ताराम. जटा झालेत," असं ती बाबांना सांगायची. बाबा मान हलवायचे. मग एका रविवारी त्यांनी खरंच तेलाची बाटली घेतली आणि माझ्या मागे बसले. त्यांची बोटं फार हलकी होती. केस ओढले जात नव्हते, पण वेणी काही होत नव्हती. तासाभराने मी म्हणाले, "राहू द्या बाबा, मी करते." ते म्हणाले, "बरं." आम्ही त्या खोलीत बोललेली बरीचशी वाक्यं अशीच होती. रात्री पाहुण्यांचे टोले पडत आणि ते चार-पाच मिनिटं चालू राहत. दोघंही जागे आहोत हे दोघांनाही कळे.

शुक्रवार सुरू झाले ते त्याच दिवाळीनंतर. बाबा शुक्रवारी सकाळी लवकर निघून चोर बाजारात जाऊ लागले आणि तिथून दहाला हिंदमात्याला. पहिल्या वर्षी त्यांनी एक घड्याळ आणलं, पुरुषांचं, गोल, सोन्याचं, मशीन नसलेलं. पुढच्या वर्षी दोन. बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात कापूस घालून ते ती त्यात ठेवत. चाळीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. "बायल गेली, नि ह्येका सोन्याची घड्याळां सुचतत," वत्सामावशी नळावर म्हणाली. मी मागे हंडा घेऊन उभी आहे हे तिला माहीत होतं. दुसरी कोणी म्हणाली, नाद असतो एकेकाला, दारूपेक्षा बरा. मलाही तो नादच वाटत होता. घरात आई नव्हती आणि बाबा कापसावर घड्याळं मांडत होते. त्या वर्षी मी त्यांच्याशी कामापुरतंही बोलत नव्हते.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी बाबांच्या उजव्या डोळ्यात काचबिंदू निघाला. भिंग लावायचा तोच डोळा. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती टिकवायची. बाबांनी भिंग डाव्या डोळ्याला लावायला सुरुवात केली, पण चाळीस वर्षं मिटून घ्यायची सवय असलेला डोळा तो. बारीक काम जमेना. पट्टे बदलणं, गजराची घड्याळं, काचा बसवणं एवढंच उरलं. एका गुरुवारी जेवताना ते म्हणाले, "नलू, उद्या तुझं कॉलेज किती वाजता?"

"अकराला. का?"

"सकाळी येशील का माझ्याबरोबर? आतलं वाचायला."

मी गेले. का गेले याचं उत्तर सोपं आहे. चार वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट होती.

अशा रीतीने मी सोन्याची घड्याळं ओळखायला शिकले. आजही ओळखीचे लोक मला आजोबांच्या घड्याळाचे फोटो मोबाइलवर पाठवतात आणि विचारतात, खरं आहे का? मी सांगते, फोटोवरून सांगता येत नाही, घेऊन या. बाबांची रीत अशी होती. डायलकडे पाहायचंच नाही. डायल मुंबईत कोणीही नवी रंगवून देतो, नाव हवं ते घालून देतो. आधी पट्टा अडकतो ते कोपरे पाहायचे. सोनं झिजलं तरी खालून सोनंच निघतं. नुसतं सोन्याचं पाणी दिलेलं असेल तर कोपऱ्यांवर लालसर नाहीतर पांढरा धातू डोकावतो. मग बोटाने केस चोळायची आणि बोट नाकाशी न्यायचं. पितळेचा वास बोटाला राहतो, सोन्याचा राहत नाही. मग झाकण उघडायचं. आत बाईच्या चेहऱ्याचा बारीक शिक्का असला तर अठरा कॅरेट, खारीचा असला तर चौदा. मायक्रॉन हा शब्द दिसला, म्हणजे सोन्याचा नुसता मुलामा असला, की काही न बोलता परत द्यायचं. वजन करायचं तर मशीन काढून. लोक मशीनसकट तोलतात आणि पोलादाला सोन्याचा भाव देतात. हे सगळं त्यांनी मला दोन-तीन शुक्रवारांत शिकवलं. आमच्या दोघांत एवढं सलग बोलणं आधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही.

शेवटी ते विचारायचे, "आत ओरखडे आहेत काही?" मी भिंग लावून झाकणातल्या खुणा वाचायची. अमुक अक्षर, अमुक महिना, अमुक साल. "हा भायखळ्याचा," बाबा म्हणायचे. "हा गिरगावातला, गेला तो." अक्षरावरून त्यांना माणूस कळायचा. मुंबईतले जुने घड्याळजी त्यांना असे ओरखड्यांनीच माहीत होते, चेहऱ्याने नव्हे. मला वाटे, संग्रह करणाऱ्याला घड्याळाचा इतिहास हवा असतो. तसा तो असतोही. पण बाबा स्त्रियांची चौकोनी घड्याळं जास्त उघडायला लावत, आणि विकत घेत ती मात्र पुरुषांची गोल, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पुढे बातम्या तपासताना असल्या विसंगती मी पहिल्या वाचनात पकडत असे.

आमचं ठरलेलं दुकान अब्बासभाईंचं. गल्लीच्या तोंडाशी, दारात जुन्या ग्रामोफोनचा कर्णा आणि आत काचेच्या कपाटात घड्याळं. अब्बासभाई जाड, दम्याचे, खुर्चीतून न उठता धंदा करणारे. बाबांना ते मास्टर म्हणत.

"आओ मास्टर. आज बेटी भी आई है. बेटा, तेरे बाप को समझा. सारी दुनिया घड़ी का मुँह देखती है, ये पीठ देखता है."

"पीठ खोटं बोलत नाही, अब्बासभाई," बाबा म्हणाले.

"वो तो मेरी बीवी भी बोलती है. इसलिए मैं पीठ करके सोता हूँ."

मी हसले. बाबाही हसले. बाबांची अब्बासभाईंना एकच विनंती असे. माल आला की तो आतून घासून चकचकीत करू नका, आहे तसा दाखवा. "ग्राहक को चमक होना," अब्बासभाई कुरकुरत. "मला नको," बाबा म्हणत. आणि वर्षातून एकदा-दोनदा ते एखादं घड्याळ घेत. नुसतं उघडून परत ठेवणाऱ्याला दुकानदार चार वेळा दाखवतो, पाचव्यांदा दाखवत नाही. डब्यातली घड्याळं त्यासाठी होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

मी दुसऱ्या वर्षाला होते. जानेवारीतला तिसरा शुक्रवार. अब्बासभाईंनी कपाटाच्या खालच्या खणातून रुमालात बांधलेली पाच-सहा घड्याळं काढली. कुठल्याशा घरातला माल एकत्र आला होता. तिसरं घड्याळ स्त्रियांचं, चौकोनी. काळी डायल, नवी रंगवलेली, नवा चामडी पट्टा. त्या आकाराची घड्याळं बाजारात पुष्कळ असत, त्या आधीच्या वर्षभरात मी दहा-बारा तरी उघडली असतील. बाबांनी ते घेतलं, कोपरे चाचपले, बोट नाकाशी नेलं आणि माझ्याकडे दिलं. "उघड."

मी झाकण उघडलं. बाईच्या चेहऱ्याचा शिक्का होता. "अठरा," मी म्हणाले. भिंग लावलं. शिक्क्याच्या खाली, एकाखाली एक नीट ओळीत, द, द, द. प्रत्येकाखाली आडवी रेघ. एक, दोन, तीन, सातपर्यंत. सगळे महिने दिवाळीच्या आधीचे. त्याखाली दुसऱ्या हाताच्या दोन खुणा होत्या, वर्तुळात फुली. एक आई गेली त्याच्या पुढच्या वर्षीची, महिना ऑक्टोबर. दुसरी त्याच्याही पुढच्या वर्षीची, महिना ऑक्टोबर. त्याखाली कोरं सोनं.

अब्बासभाई चहावाल्याला हाक मारत होते. रस्त्यावर कोणी पत्र्याच्या पेट्या उतरवत होता, त्याचा आवाज येत होता. बाबा स्टुलावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, चेहरा माझ्याकडे पण थोडा बाजूला, डाव्या डोळ्याने दिसावं म्हणून.

"ओरखडे आहेत काही?"

दोन गोष्टी मला एकदम कळल्या होत्या. बाबा पाच वर्षं काय शोधत होते ही एक. दुसरी अशी की आई गेल्यानंतर दोन दिवाळ्यांच्या तोंडाशी कोणीतरी हे घड्याळ वेळेवर साफ करून घेतलं होतं. ती आईच होती याला पुरावा नाही. तेव्हा मला त्याबद्दल शंका नव्हती. ती कुठेतरी बसून हात उलटा करून वेळ पाहत होती, तिला ऑक्टोबर आठवत होता, आणि ती आली नव्हती. पहिली गोष्ट बाबांची होती, ती त्यांना आधीच ठाऊक होती. दुसरी मी त्यांना सांगायची होती. आणखी एक गोष्ट होती, ती लिहायला हवी. हे सापडलं की शुक्रवार संपणार होते.

"नाही," मी म्हणाले.

"काहीच नाही?"

"झाकण साफ आहे."

बाबांनी हात पुढे केला. मी घड्याळ त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी झाकण बंद करण्याआधी आतून अंगठा फिरवला, बंद केलं आणि रुमालात ठेवून दिलं. "अब्बासभाई, ते चौथं दाखवा," ते म्हणाले. चौथं चौदा कॅरेटचं होतं. पाचव्यावर पाणी दिलेलं होतं. चहा आला, तो आम्ही प्यायलो. मग ते हिंदमात्याला गेले आणि मी कॉलेजला.

दुसऱ्या दिवशी शनिवारी मी एकटी अब्बासभाईंकडे गेले. माझ्या गळ्यात आईने केलेली पातळ साखळी होती, ती देऊन घड्याळ घ्यायचं आणि लपवून ठेवायचं असं मी ठरवलं होतं. पुढे काय करायचं ते ठरवलं नव्हतं.

"वो चौकोनी? काली डायल? वो गया बेटा."

"कोणी घेतलं?"

"जिस के नसीब में था, उसने." त्यांनी दम्याचा पंप तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. "मास्टर को बोलना, नया माल आएगा तो पहले उन को दिखाऊँगा."

मी लालबागला चालत आले. घड्याळ वितळलं असं मी धरून चालले. सोन्याची छोटी केस, तिचं बहुधा तेच होतं.

शुक्रवार चालू राहिले. आणखी तीन वर्षं, मला वृत्तपत्रात नोकरी लागून रात्रपाळी सुरू होईपर्यंत, आम्ही दर शुक्रवारी जात होतो. बाबा कोपरे चाचपत, बोट नाकाशी नेत, माझ्याकडे देत आणि विचारत, "ओरखडे आहेत काही?" मी असतील ते वाचून दाखवी. ते म्हणत, हा माहीमचा, हा दादरचा, हा कोण कळत नाही. कधी एखादं स्त्रियांचं चौकोनी घड्याळ आलं तर मी बाबांच्या हातांकडे पाही. बाबा तेही तसंच माझ्याकडे देत, तितक्याच सावकाश. ते परतताना बाजारातून माझ्यासाठी काहीतरी घेत, जुनं पेन, पितळी पेपरवेट. एकदा काचेची दौत घेतली. ती माझ्या टेबलावर आहे. आईचं नाव आम्हा दोघांमध्ये कधी निघालं नाही.

बाबा त्यानंतर बावीस वर्षं जगले. शेवटची सहा वर्षं दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. जिन्याखालची जागा गेली. चाळ पाडली गेली तेव्हा आम्ही अँटॉप हिलला भाड्याने राहायला गेलो. वत्सामावशी मुलाकडे वसईला गेली आणि तिथून तिची बातमी यायची बंद झाली. नव्या घरात पाहुणे नव्हते. बाबा खिडकीशी बसून कोणाचंही घड्याळ कानाशी धरून सांगायचे, दिवसाला दोन मिनिटं मागे पडतंय. ते बरोबर असे. आई आली नाही, पत्र आलं नाही. चौकीतून एकदाही बोलावणं आलं नाही.

ते गेल्यानंतर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी बिस्किटांचा डबा उघडला. माझ्या हिशेबाप्रमाणे आत अकरा घड्याळं होती. कापसाच्या वरच्या थरात अकरा होती, सगळी पुरुषांची. खाली आणखी एक थर होता. त्यात एक होतं, स्त्रियांचं, चौकोनी, काळ्या डायलचं. चावी दिली, ते चालू झालं.

वर्तुळातल्या फुलीची खूण कोणाची हे शोधायला मला दीड वर्ष लागलं. मी झाकणाचा मोठा केलेला फोटो घेऊन दादर, परळ, गिरगाव इथल्या जुन्या घड्याळजींकडे गेले. बहुतेक दुकानं मुलांच्या हातात होती आणि मुलं सेल बदलून देत होती. शेवटी वरळीला, बीडीडी चाळींच्या समोरच्या एका दुकानात, मालकाने फोटो पाहताक्षणी सांगितलं, "ही आमच्या वडलांची. ते फुलीच मारायचे."

"घड्याळ कोणी आणलं होतं, काही नोंद?"

"तेव्हाची वही? ती रद्दीत गेली हो, मॅडम. वडील पण गेले."

"माझे वडील घड्याळजी होते. त्यांनी ही खूण ओळखली असती का?"

"जुन्यांतले होते ना? मग ओळखणारच. वरळीची फुली सगळ्यांना माहीत होती."

लालबागपासून ते दुकान बसने वीस मिनिटांवर आहे. बाबा तिथे कधी जाऊन आले होते का, हे त्या माणसाला सांगता आलं नाही. सांगू शकेल असं दुसरं कोणी नाही.

घड्याळ माझ्याकडे आहे. झाकणाच्या आत आता दहा खुणा आहेत. सात एकाखाली एक, बाबांच्या. मग दोन फुल्या. त्यांच्याखाली दहावी. ती वाकडी आहे, तिची आडवी रेघ दोनदा ओढलेली आहे आणि एका फुलीवर गेलेली आहे. अक्षर द, आकडा आठ. महिना जानेवारी, साल मी दुसऱ्या वर्षाला होते ते.